वाळूचा ग्रंथ आणि चिखलाचा अनुभव

शास्त्रीय ग्रंथाचे परीक्षण वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकात कशासाठी, असा प्रश्न आमच्या काही वाचकांच्या मनात उभा राहील. काव्य, कादंबरी, नाटक आणि फार तर इतिहास व चरित्र एवढ्यांचीच गणना वाङ्मयात करावी व शास्त्र हे शास्त्रज्ञांच्या स्वाधीन करून मोकळे व्हावे, अशी समजूत आपल्या सुशिक्षित कुटुंबांतून रूढ झालेली आहे. ही समजूत आम्हांस मान्य नाही. नित्याच्या पाहण्यातील एखादी वस्तू पुढे ठेवून, ती आपण आजवर नीट पाहिलीच नव्हती अशी ज्या ग्रंथाने वाचकाची खात्री पटते, तो ग्रंथ कोणत्याही विषयावरचा असो, वाङ्मयपरीक्षणास पात्र होय. राल्फ बॅग्नोल्ड ह्या इंग्रज ग्रंथकाराने वाऱ्यावर उडणाऱ्या वाळूच्या व वाळवंटातील टेकड्यांच्या भौतिकशास्त्रावर लिहिलेला, १९४१ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ ह्या जातीचा आहे. त्याला आता ऐंशी वर्षांहून अधिक काळ लोटला. त्यानंतर ह्या शास्त्राने पुष्कळ मजल मारली. आणि त्याच लेखकाचा पुढील काळातील एक प्रसिद्ध प्रयोग दोषयुक्त ठरला. तेव्हा नव्या ग्रंथाची भलावण करण्यापेक्षा ह्या जुन्या ग्रंथाचे व त्याच्या मागून आलेल्या विचाराचे पुनःपरीक्षण करणे आम्हांस अधिक उद्बोधक वाटते.

हा ग्रंथ आम्ही गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव येथे, आणि तोही रोवणीच्या दिवसांत वाचला, ही गोष्ट येथे सांगणे अवश्य आहे. कारण आमच्या परीक्षणातील अर्धा भाग त्या स्थळाने व त्या ऋतूने लिहविलेला आहे. पुस्तकात पाहावे तो सहाराची कोरडी वाळू, आणि पुस्तकावरून दृष्टी काढून बाहेर पाहावे तो बांध्यांतून पोटरीभर चिखल, त्यात ओणव्याने पऱ्हे रोवणाऱ्या बायांच्या ओळी आणि धुऱ्यावरून ओसंडणारे गढूळ पाणी. दोन्हीकडे मूळ वस्तू एकच : असंख्य बारीक कण आणि त्यांच्यामधून वाहणारा किंवा कोंडलेला प्रवाही पदार्थ, मग तो वारा असो की पाणी असो. परंतु एका ठिकाणी शास्त्र जन्मास आले आणि दुसऱ्या ठिकाणी ते अद्याप पुरतेपणी पोहोचलेले नाही. हे अंतर किती व ते का पडले, हा आमचा प्रश्न आहे.

प्रथम ग्रंथकाराविषयी. बॅग्नोल्ड यांचा जन्म १८९६ सालचा. पेशाने ते सैन्यातील इंजिनियर. पहिल्या महायुद्धानंतर इजिप्तमध्ये नेमणूक असता, रजेच्या दिवसांत साध्या फोर्ड मोटारी घेऊन लिबियाच्या वाळवंटात शिरण्याचा नाद त्यांना लागला. काही वर्षे ते हिंदुस्थानातही होते. १९३५ साली आपल्या प्रवासाचे वर्णन प्रसिद्ध करून व सैन्यातून निवृत्त होऊन त्यांनी लंडनमध्ये वारा सोडण्याचे एक लाकडी भुयार तयार केले व त्यात वाळू पसरून ती कशी उडते हे पाहण्यास आरंभ केला. पुढे युद्ध पेटल्यावर १९४० साली वाळवंटात दूरवर टेहळणी करणारे एक पथक त्यांनीच उभारले. आणि त्या धामधुमीतच हा ग्रंथ बाहेर पडला. १९९० साली वयाच्या ९४व्या वर्षी ते निवर्तले. विद्यापीठाच्या पीठावर बसलेला नव्हे, मोटार वाळूत रुतल्यामुळे ती का रुतली हा प्रश्न पडलेला असा हा शास्त्रज्ञ आहे, आणि त्याच्या लेखनाचा सारा टवटवीतपणा ह्या एका गोष्टीत साठलेला आहे.

ग्रंथाचा पहिला गुण असा की लेखक कणाला सोडून कधी दूर जात नाही. वारा वाळू उचलून नेतो, असे आपण सहज म्हणतो. बॅग्नोल्ड दाखवितात की वाळूचा कण बहुधा वाऱ्यावर तरंगत नाही. तो उडी घेतो, वाऱ्याच्या वेगवान थरात शिरून वेग मिळवितो, आणि तिरक्या वाटेने खाली येऊन जमिनीवरील दुसऱ्या कणांस ठोकरतो. त्या ठोकरीने आणखी कण उडतात. अशा रीतीने वाळूचे वाहणे ही वाऱ्याची एकट्याची करणी नसून कणांच्या परस्पर आघातांचीही आहे. दुसरे उदाहरण याहून नवलाचे. कण जितका बारीक तितका तो उडविण्यास सोपा, हा तर्क सरळ दिसतो. परंतु सुमारे एक दशांश मिलिमीटरच्या खाली गेले की उलटा प्रकार सुरू होतो, आणि पीठासारखी सपाट पसरलेली भुकटी जोराच्या वाऱ्यालाही दाद देत नाही. सहज मानलेली गोष्ट आधी मांडावी, मग प्रयोगाने ती मोडावी आणि मोडल्यावर तिचे कारण सांगावे, ही त्यांची पद्धत उत्तम निबंधकाराची आहे.

तिसरे उदाहरण आमच्या विषयाला अधिक जवळचे. वाळवंटातील एकाच टेकडीवर मोटार एका जागी सडकेवरून जावी तशी जाते व दहा पावलांवर चाकाच्या आसापर्यंत रुतते. वरून पाहता दोन्ही जागा सारख्याच. बॅग्नोल्ड यांनी याचे कारण कणांच्या रचनेत शोधले. वाऱ्याने ठोकून ठोकून एकेक बसविलेला थर घट्ट असतो, तर टेकडीच्या आडोशाच्या उतारावर घरंगळून साचलेला थर सैल राहतो. वाळू तीच, कणही तेच. ते एकमेकांस कसे टेकले आहेत एवढाच काय तो भेद. परंतु त्या भेदावर मोटार चालणे वा रुतणे अवलंबून आहे. पुढील अर्धशतकाच्या शास्त्राचे बीज आम्हांस ह्या निरीक्षणात दिसते.

ह्या बीजाचे महत्त्व कळण्यासाठी त्याच्या आधीची परंपरा थोडी पाहिली पाहिजे. कण व प्रवाही पदार्थ यांच्या मिश्रणाकडे पाहण्याच्या तोवर दोन तऱ्हा होत्या. एक तऱ्हा अशी की पाणी मुख्य मानावे व कण ही त्यातील भेसळ समजावी. १९०५ सालच्या आपल्या प्रबंधात आईनस्टाईन यांनी पाण्यात विरळ कण मिसळल्यास त्याचा दाटपणा किती वाढेल याचे गणित केले. ते गणित प्रथम चुकले होते. पॅरिसमध्ये बांसलँ यांचे मोजमाप त्याच्याशी जुळेना, तेव्हा पुन्हा तपास होऊन १९११ साली चूक दुरुस्त झाली : शंभर भागांत कणांचा एक भाग असेल तर दाटपणा सुमारे अडीच टक्क्यांनी वाढतो. एवढ्या मोठ्या पुरुषाचे गणितही पडताळ्यावाचून प्रमाण मानले गेले नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. कारण पुढे ह्याच गोष्टीची पुनरावृत्ती व्हावयाची आहे. परंतु दुरुस्त झालेला हा नियमही विरळ मिश्रणापुरताच खरा. कण एकमेकांच्या वाटेत येऊ लागले की तो निरुपयोगी होतो.

दुसरी तऱ्हा कण मुख्य मानण्याची. १८९५ साली यान्सन ह्या जर्मन इंजिनियराने धान्याच्या उंच कोठारांचा अभ्यास करून असे दाखविले की धान्य कितीही उंच भरले तरी एका मर्यादेपलीकडे तळावरचा भार वाढत नाही. दाणे एकमेकांवर व भिंतीवर रेलतात आणि उरलेला भार भिंती पेलतात. आमच्याकडील ढोलीतून किंवा कणगीतून तळाच्या भोकावाटे धान काढणाऱ्या गृहिणीस ह्याचेच दुसरे अंग ठाऊक असते. घागरीच्या भोकातून पाणी आरंभी जोराने व शेवटी मंद येते. धानाची धार मात्र कणगी भरलेली असो वा निम्मी असो, सारखीच येते. आणि भोक दाण्याच्या मानाने लहान असेल तर धार अवचित थांबते. आत दाण्यांची कमान बसते, आणि भिंतीवर थाप मारावी तेव्हा ती मोडते. धानाच्या गिरणीतील नरसाळ्यावर थापट्या मारणारा मजूर हीच कमान मोडीत असतो. पाणी असे कधी वागत नाही.

ह्या दोन तऱ्हांना जोडणारा दुवा ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८५ साली दिला होता. गाढवी किंवा चुलबंद नदीच्या काठच्या ओल्या रेतीवर पाऊल ठेवले असता पावलाभोवतीची रेती क्षणभर पांढुरकी, कोरडी दिसते. दाबल्यावर पाणी वर यावे, ते उलट आत गेलेले दिसते. कारण असे की घट्ट बसलेल्या कणांना हलावयाचे तर एकमेकांवर चढावे लागते. चढताना त्यांच्यामधील पोकळी वाढते. आणि ती भरून काढण्यास वरचे पाणी आत ओढले जाते. घट्ट कण हलताना फुगतात, हा तो शोध. आता ह्याची उलट बाजू वाचकांनी कल्पावी : सैल बसलेले कण हलविले तर ते आकसू पाहतील, आणि आतील पाण्यास वेळेवर वाट न मिळाल्यास ते कणांस एकमेकांपासून दूर लोटील. ह्या उलट बाजूत किती अनर्थ भरला आहे, ते पुढे येईल.

आता बॅग्नोल्ड यांच्या त्या दोषयुक्त प्रयोगाकडे वळू. वाळू व वारा यांच्यावरून ते पाण्यातील कणांकडे वळले, आणि १९५४ साली त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. मेणात शिशाचा एक क्षार मिसळून सुमारे १.३ मिलिमीटर व्यासाच्या गोळ्या केल्या; त्यांचे वजन पाण्याशी तंतोतंत जुळविले, म्हणजे त्या बुडूही नयेत व तरंगूही नयेत. एकात एक अशी दोन नळकांडी घेऊन मधल्या फटीत हे मिश्रण भरले व बाहेरचे नळकांडे फिरविले. आतल्याची भिंत रबराची ठेवली, म्हणजे कण तिला किती रेटा देतात तेही मोजता यावे. कण केवळ प्रवाहास अडवीत नाहीत, ते आडवा रेटाही देतात, हे मोजून दाखविण्याचा मान ह्या प्रयोगाचा. शिवाय त्यांनी असा नियम काढला की हळू घुसळले असता विरोध वेगाच्या प्रमाणात वाढतो, आणि जोराने घुसळले असता वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. हा नियम इतका सुटसुटीत होता की पुढे चिखलाच्या लोंढ्यांवर लिहिणाऱ्या कितीतरी इंजिनियरांनी तो जसाच्या तसा उचलला.

१९५४पासून ४८ वर्षांनी, २००२ साली, मेलनी हंट व त्यांचे तीन सहकारी यांनी त्याच आकड्यांची पुन्हा छाननी केली. त्यांना दिसले की ते नळकांडे फटीच्या मानाने फार बुटके होते आणि त्याची वरखालची झाकणे बाहेरच्या भिंतीबरोबर फिरत होती. त्यामुळे झाकणांजवळ द्रवाचे वेगळेच भोवरे उत्पन्न झाले, आणि विरोधातील जी वाढ कणांच्या आघातांची म्हणून नोंदली गेली ती बहुतांशी ह्या भोवऱ्यांची निघाली. थोडक्यात, जो नियम कणांचा म्हणून गाजला तो पुष्कळ अंशी भांड्याचा होता.

येथे टीकाकाराने काय निर्णय द्यावा? बॅग्नोल्ड यांची उपेक्षा करणे अन्यायाचे होईल. मोठ्या लेखकाची चूक उघडकीस आली की त्याचे सर्वच टाकाऊ ठरविण्याची घाई आपल्या वाङ्मयातही दिसते आणि शास्त्रातही. त्यांनी आपले यंत्र, मापे व आकडे उघडपणे लिहून ठेविले होते, म्हणूनच अर्धशतकानंतर कोणास त्यांची चूक काढता आली. कणांचा रेटा ही त्यांची कल्पना आजही उभी आहे. परंतु ज्या लेखकाने पहिल्या ग्रंथात कणावरून नजर ढळू दिली नाही, त्यानेच पुढे नियमाच्या सुबकपणावर भुलून आपल्या भांड्याकडे पाहिले नाही, हा दोष आम्ही झाकू इच्छीत नाही. त्याहून मोठा दोष त्यांचा, ज्यांनी तो नियम न पडताळता आपल्या कामास लावला.

त्यानंतरच्या शोधांनी बॅग्नोल्ड यांची मूळ दृष्टी नव्या पायावर उभी केली आहे. २०११ साली फ्रान्समधील मार्सेय येथे बॉयर, गुआझेली व पूलिकेन यांनी युक्ती बदलली. मिश्रणाची जागा आवळून न धरता त्यांनी कणांवर ठरावीक भार देणारे झाकण ठेवले. त्यातून द्रव पार जाई, कण जात नसत. म्हणजे कणांना फुगण्याची किंवा आकसण्याची मोकळीक राहिली. तेव्हा असे आढळले की पाण्यातील कण व कोरडे कण एकाच प्रकारच्या नियमाने चालतात. शंभर भागांत कणांचे सुमारे साडेअठ्ठावन्न भाग झाले की वाहणे थांबते आणि मिश्रण घन पदार्थासारखे उभे राहते. ह्या थांबण्याला आम्ही मराठीत कणांची कोंडी म्हणू. थंडीने पाणी गोठते तशी ही गोष्ट नाही. येथे उष्णतेचा संबंध नाही. केवळ दाटी, घर्षण व भार ह्या तिहींच्या मेळाने वाहती वस्तू स्थिर होते, आणि त्या तिहींपैकी एकात थोडा फरक पडताच पुन्हा वाहू लागते.

आमच्या वाचकांस ही कोंडी स्वयंपाकघरात पाहावयाची असेल तर मक्याचे बारीक पीठ, ज्यास बाजारात कॉर्नफ्लॉवर म्हणतात, ते थोड्या पाण्यात दाट कालवावे. चमचा हळू फिरविला तर तो लोण्यात फिरावा तसा फिरतो. त्यावर एकदम बुक्की मारली तर दगडावर मारल्यासारखी लागते. २०१३ व २०१४ साली ह्याची जी उपपत्ती मांडली गेली ती अशी की हलक्या हाताने दोन कणांमध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा टिकून राहतो व ते घसरतात. जोराने दाबले की तो पापुद्रा फाटतो, कण कणाला घासतो आणि क्षणात कोंडी होते. एक काल्पनिक प्रसंगही ह्या शास्त्राने दुरुस्त केला आहे. दलदलीत सापडलेला दुष्ट मनुष्य हळूहळू डोक्यासकट नाहीसा होतो, हे दृश्य कादंबऱ्यांनी व चित्रपटांनी इतके वापरले की ते खरे मानले गेले. २००५ साली बॉन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा दलदलीची रेती प्रयोगशाळेत तपासून दाखविले की मनुष्य तीत कमरेच्या आसपासच थांबतो, कारण ती त्याच्यापेक्षा जड असते. खरा धोका पाय उपसण्यात आहे : खाली घट्ट बसलेल्या कणांतून पाऊल वेगाने वर काढण्यास एक मोटारगाडी उचलण्याइतका जोर लागेल. पाय ओढू नये, हलकेच हलवून भोवती पाणी शिरू द्यावे. चिखलात जन्म काढलेली रोवणीवाली बाई पाऊल थोडे फिरवूनच बाहेर काढते. तिला हे शिकविण्यास कोणी गेले नव्हते.

आणि येथेच आम्हांस बॅग्नोल्ड यांच्या ग्रंथाची व त्यानंतरच्या बहुतेक प्रयोगांची मर्यादा जाणवते. त्यांचे कण वाळूचे, काचेचे, मेणाचे. गोल, स्वच्छ, एकमेकांविषयी उदासीन. आमच्या बांधीतील चिखल तसा नाही. चिखलणीच्या वेळी उभ्या पाण्यात नांगर किंवा ट्रॅक्टरची लोखंडी चाके फिरवून मातीची ढेकळे मोडली जातात. जाड रेती आधी तळाशी बसते. बारीक चिकणमाती मागाहून, थरावर थर, निवळत बसते व खालची छिद्रे बुजविते, म्हणूनच बांधीत पाणी टिकते. चिकणमातीचे अतिसूक्ष्म कण एकमेकांस विद्युत्भाराने धरतात व त्यांचे जाळे बनते. बोटांनी पऱ्हे खुपसताना ते जाळे तुटून चिखल लोण्यासारखा वाट देतो. बोट काढल्यावर तो पुन्हा हळूहळू धरतो व रोप उभे राहते. पाणी फार झाले तर रोप तरंगून वर येते. फार कमी झाले तर चिखल हातास चिकटतो व मुळे धड बसत नाहीत. रेताड बांधीत चिखलणीनंतर लवकर रोवावे लागते, चिकण बांधीत चिखल बसू द्यावा लागतो. कोंडी व प्रवाह यांच्या ऐन सीमेवर हा सारा धंदा चालतो, आणि पूर्व विदर्भाचे पोट त्यावर भरते. वाळवंटाच्या ग्रंथात त्याला जागा नसावी हे स्वाभाविक आहे; आपल्या ग्रंथांत नसावी हे लाजिरवाणे आहे. बॅग्नोल्ड यांनी आपल्या प्रवासवर्णनाच्या उपशीर्षकात वाळवंटास मृत जग म्हटले होते. जेथे वस्ती आहे तेथील कणांचे शास्त्र निराळे लिहावे लागेल.

हे केवळ अभिमानाचे बोलणे नव्हे. अर्जुनी मोरगाव हा तलावांचा मुलूख आहे. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला अशी परंपरा सांगते. कोहळ्यांच्या कौशल्याने उभारलेले असे लहानमोठे तलाव व बोड्या ह्या भागात जागोजाग आहेत. १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले व माजी मालगुजारी तलाव म्हणून कागदोपत्री त्यांचे नाव मामा तलाव पडले. त्यांचे आजचे दुखणे गाळाचे आहे. स्टोक्स यांनी १८५१ साली सांगितल्याप्रमाणे स्थिर पाण्यात कण बसण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणून पाण्याच्या येव्याजवळ जाड रेती पडते आणि पाळीकडे अगदी बारीक, सुपीक माती येऊन बसते. तुडुमाचे, म्हणजे पाणी सोडण्याच्या दाराचे, तोंड नेमके तेथे असते व तेच तुंबते. जुन्या काळी शेतकरी हा गाळ उपसून शेतात नेत. शासनाने २०१७ साली सुरू केलेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेचे तत्त्वही तेच आहे. परंतु तलावातील कोणता गाळ शेतास योग्य व कोणता निव्वळ रेती, हा प्रश्न कणाच्या आकाराचा आहे, ट्रकांच्या खेपांचा नव्हे. पाळीचेही तसेच. मातीच्या पाळीतून थोडे स्वच्छ पाणी झिरपत असेल तर ते एक वेळ चालेल. तेच झिरपणे गढूळ झाले म्हणजे आतील बारीक कण वाहून चालले, पाळ आतून पोकळ होत आहे, असे समजावे. हे ज्ञान गावातील प्रत्येक मुलास हवे.

धानाच्या सखल मुलखात ह्या नियमाचे रूप तुंबलेल्या तुडुमाएवढे सौम्य असते. सह्याद्रीच्या उतारावर तेच रूप भयंकर होते. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर डोंगर खचून दीडशेहून अधिक माणसे मातीखाली गेली. १९ जुलै २०२३च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर तसाच प्रसंग आला. दोन्ही वेळी मुसळधार पावसाने डोंगरावरील माती भिजून गच्च झालेली होती. अमेरिकेत आयव्हर्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका मोठ्या उताराच्या पन्हाळीत मातीचे थर घालून, त्यांवर पाणी सोडून, जो प्रयोग २००० साली प्रसिद्ध केला तो रेनॉल्ड्स यांच्या शोधाची उलट बाजू आहे. घट्ट बसलेली माती सुटली तेव्हा फुगली, पाणी आत ओढले गेले, आणि ती थांबत थांबत सरकली. सैल माती सुटली तेव्हा आकसली, कोंडलेल्या पाण्याने कणांस एकमेकांपासून उचलले, आणि एका सेकंदात तिचा वेग सेकंदास एक मीटरच्या वर गेला. पोकळीच्या प्रमाणातील अल्पशा फरकाने एका मातीतून पळण्यास वेळ मिळतो व दुसरीतून मिळत नाही.

अशा घटनांवर मराठीत जे लिहिले गेले ते आम्ही चाळून पाहिले. निसर्गाचा कोप, काळाचा घाला, डोंगराने गिळले ही वाक्ये पुन्हा पुन्हा भेटतात. शोक करणाऱ्याने असे म्हणावे, त्यास कोणाचा आक्षेप नाही. परंतु जो लेखक लोकांस समजावून सांगण्यास बसला आहे त्याने कोप म्हणून थांबणे म्हणजे आपले काम अर्धवट टाकणे होय. कोपाला उपाय नसतो. कणांमधील पाण्याला वाट करून देण्याचा, उतारावर नव्या भेगा व गढूळ झरे पाहण्याचा, वेळेवर गाव हलविण्याचा उपाय असतो.

उलट टोकास आपले पाठ्यपुस्तकी शास्त्रीय गद्य उभे आहे. तेथे दाटपणास श्यानता म्हणतात आणि मुलगा तो शब्द परीक्षेपुरता पाठ करून विसरतो. ‘सृष्टिज्ञान’ मासिक १९२८ साली निघाले तेव्हापासून परिभाषेचा वाद चालू आहे, आणि संस्कृत की इंग्रजी एवढ्यावरच तो बहुधा घुटमळतो. तिसरी खाण आपल्या पायांखाली आहे. मराठीत पाणी तुंबते, नळी चोंदते, दाणा अडतो, चाक रुतते, गाळ बसतो, पाणी निवळते, पाळ झिरपते, दरड सुटते. इंग्रजीत जेथे एक शब्द पुरवितात तेथे आपण चार प्रकार वेगळे ओळखतो, कारण हे चारही आपल्या घराजवळ घडतात. मारुती चितमपल्ली यांनी नवेगावबांधच्या परिसरात वनाधिकारी म्हणून राहून तेथील लोकांचे रानाविषयीचे शब्द मराठी वाङ्मयात आणले, आणि त्यामुळे आपले निसर्गवर्णन समृद्ध झाले. पाखरांना जे मिळाले ते चिखलाला का मिळू नये? त्याच मुलखातील बांध्या व तलाव यांचे शब्द शास्त्रात आणणारा लेखक अजून पुढे यावयाचा आहे. त्याने बॅग्नोल्ड यांचा ग्रंथ अवश्य वाचावा. भाषांतरासाठी नव्हे, पाहण्याची शिस्त घेण्यासाठी.

एकंदरीत आमचा अभिप्राय असा : वाळूवरील हा ग्रंथ आपल्या पहिल्या गुणामुळे, म्हणजे कणाकडे एकाग्रतेने पाहण्यामुळे, आजही वाचनीय आहे. गणिताची पाने सामान्य वाचकाने वगळली तरी चालतील. निरीक्षणाची पाने वगळू नयेत. त्याच लेखकाच्या पुढील प्रयोगाची कथा त्याच्याबरोबर वाचावी, म्हणजे आदर व छाननी ही एकाच ठिकाणी कशी नांदतात ते कळेल. आणि ग्रंथ मिटल्यावर ज्यास शक्य असेल त्याने आषाढात एकदा धानाच्या बांधीत उतरावे. पोटरीभर चिखलात उभे राहून पाऊल उपसताना जो प्रश्न पडेल, त्याचे पुरे उत्तर आजही कोणत्याच पुस्तकात नाही. ते मराठीत लिहिले जावे, अशी आमची इच्छा आहे.